‘चॅलेंज’मधला चौथा भिडू: कॉम्प्युटरला थाप मारायला कशी शिकवायची?

माळरान (११ मे, रात्री १०:४२)

मे महिन्याची सुट्टी. भाची (वय ९) आणि भाचा (वय १३) सांगलीला आलेत. दुपारच्या उन्हात बाहेर सोडत नाही, त्यामुळे पत्ते. सध्या ‘चॅलेंज’ जोरात आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पानं उलटी टाकायची आणि तोंडाने ‘दोन राण्या’, ‘तीन सत्ते’ असं सांगायचं. खरं सांगा नाहीतर थाप मारा. पुढच्यांनी त्याच नावाची पानं टाकायची किंवा पास म्हणायचं. कुणाला संशय आला तर तो ‘चॅलेंज’ म्हणून पानं उघडतो. थाप निघाली तर थाप मारणाऱ्याने सगळा ढीग उचलायचा, खरं निघालं तर संशय घेणाऱ्याने. ज्याची पानं आधी संपतील तो सुटला.

आई, भाचा आणि भाची असे तिघंच होतात. मला थोडंफार पायथॉन (प्रोग्रॅम लिहायची एक भाषा) येतं, म्हणून चौथा भिडू मी लॅपटॉपवर लिहिला.

पहिली आवृत्ती फक्त खरं बोलायची. राण्या असल्या तर टाकायच्या, नसल्या तर पास. दोन डावांत मुलांनी हे ओळखलं. त्यानंतर त्याला कुणी चॅलेंज करेना आणि बिचारा पास पास म्हणत हातभर पानं धरून बसला. दुसऱ्या आवृत्तीत दहांतून तीनदा, कधी ते नशिबावर सोडून, थाप मारायला लावलं. तर जवळजवळ दर वेळी पकडला गेला. वर भाची म्हणाली, “मामा, हा खोटं बोलतो, पण मजा येत नाही.”

हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. आईची थाप पकडली की घर डोक्यावर घेतात, याची पकडली तर नुसतं “हं, उचल पानं.” थाप, नवल आणि रंगत या तीन गोष्टी यंत्राला समजतील अशा भाषेत मांडता येतात का? कुणी मांडल्यात का? जाणकारांनी जरूर लिहावं.

गणिताचा_तास (११ मे, रात्री ११:१५)

छान प्रश्न. पकडला का जातो त्याचं उत्तर आधी देतो.

चार भिडू, प्रत्येकी १३ पानं. समजा तुमच्या प्रोग्रॅमकडे एकही राणी नाही आणि पहिल्याच फेरीत तो “तीन राण्या” म्हणतो. चारही राण्या उरलेल्या तिघांत आहेत. चार राण्या, तीन माणसं, म्हणजे एकाकडे तरी दोन असणारच. त्या माणसाला संशय घ्यायचं कारणच नाही, त्याला खात्री आहे. ही थाप पकडली जाणार हे ती मारण्याआधीच ठरलेलं असतं.

“दोन राण्या” म्हणाला तर ज्याच्याकडे किमान तीन राण्या आहेत त्यालाच खात्री देता येईल. हिशोब केला, कुणाकडे तरी तशा असण्याची शक्यता सुमारे ३० टक्के. “एक राणी” म्हणाला तर चारही एकाच हातात असाव्या लागतात, ती शक्यता ३ टक्क्यांच्याही आत.

तेव्हा थाप म्हणजे नुसतं खोटं वाक्य नव्हे. समोरच्याच्या हातात काय असू शकतं, म्हणजेच त्याला काय माहीत असू शकतं, याचा अंदाज हा थापेचा अर्धा भाग. तुमची दुसरी आवृत्ती तेवढंच सोडून बाकी सगळं करते.

बदामसत्ती (११ मे, रात्री ११:२१)

बापरे, तीस वर्षं चॅलेंज खेळतेय, आणि एकही राणी नसताना “तीन राण्या” हीच माझी आवडती थाप होती. पाट्या टाकल्यासारखी हरायचे ते का, हे आज कळलं. 😀

खांबाजवळ (१२ मे, सकाळी ६:०५)

मी शाळेच्या मुलींना खो-खो शिकवतो. कॉम्प्युटरमधलं कळत नाही, पण हूल कळते.

खांबावर वळताना चढाईवाली खांदा एका बाजूला टाकते आणि पाय दुसरीकडे काढते. नवीन मुलींना हूल शिकवली की त्या प्रत्येक वळणावर हूल देतात. तीन मिनिटांत पळणाऱ्या ते ओळखतात आणि खांद्याकडे बघायचंच सोडतात. मग ती हूल राहत नाही, तिचा नुसता व्यायाम होतो. मी सांगतो, आधी पाच-सहा वेळा खांदा जिकडे तिकडेच पाय. पळणारीचा खांद्यावर विश्वास बसू दे. मग एकदा हूल.

माळरान, तुमचा प्रोग्रॅम दहांत तीन थापा मारतो म्हणता, पण त्या कधी मारतो? विश्वास कमावून झाल्यावर, की आल्या आल्या?

धुक्यातली_गाडी (१२ मे, सकाळी ९:४८)

खांबाजवळ सर, नेमकं बोललात. तुम्ही मैदानावर जे सांगता तेच हॅरोल्ड कून या गणितज्ञाने १९५० साली तीन पानांच्या पोकरवर, म्हणजे पैसे लावून खेळायच्या पत्त्यांच्या खेळावर, मांडलं.

पत्ते फक्त तीन: गुलाम, राणी, राजा. भिडू दोन, प्रत्येकाला एक पान, ज्याचं मोठं तो जिंकला. दोघांनी एकेक रुपया मध्ये टाकायचा, बोली एक रुपयाची. समजा पहिल्याने बोली न लावता सोडलं. दुसऱ्याकडे राजा असेल तर तो बोली लावणारच. गुलाम असेल तर? कायम गप्प बसला तर त्याची बोली म्हणजे राजा हे उघड होतं आणि राणीवाला पान टाकून मोकळा होतो, राजाची कमाई बुडते. कायम थाप मारली तर राणीवाला दर वेळी “दाखव” म्हणतो. हिशोब सांगतो की गुलाम आला तर तिनांत एकदा थाप मारावी. म्हणजे राजाच्या तीन खऱ्या बोलींमागे गुलामाची एक खोटी. राणीवाला एक रुपया घालून मधले तीन मिळवू पाहतो, पण चारांत एकदाच जिंकतो. दाखव म्हटलं काय आणि सोडलं काय, त्याच्या पदरात सारखंच पडतं. त्याला सुटकेची वाट उरत नाही.

यातली सुंदर गोष्ट ही की थाप त्या एका डावासाठी नसतेच. पुढे राजा आल्यावर कुणीतरी पैसे घालावेत, यासाठी ती असते. खोट्यामुळे खऱ्याची किंमत टिकते.

आता हे आकडे यंत्र स्वतः कसं शोधतं? २००७ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातून एक पद्धत आली. मी तिला मराठीत ‘हळहळ पद्धत’ म्हणतो. प्रोग्रॅम स्वतःशीच लाखो डाव खेळतो. प्रत्येक निर्णयानंतर मोजतो: हे न करता ते केलं असतं तर किती जास्त मिळालं असतं? ही हळहळ साठवत जातो, आणि ज्याची हळहळ मोठी ते पुढच्या वेळी जास्त वेळा करतो. थाप मारावी असं त्याला कुणी सांगत नाही. हळहळीतून ती आपोआप उगवते. याच कुळातल्या लिब्राटस नावाच्या प्रोग्रॅमने जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गला चार व्यावसायिक पोकरपटूंना २० दिवस आणि १,२०,००० डावांत हरवलं. दिवसभर ते चौघे त्याच्या खेळात जी भोकं शोधत, ती रात्रीत बुजवली जात.

माळरान (१२ मे, दुपारी १:३०)

@गणिताचा_तास, तीन राण्यांचा हिशोब भाच्याला सांगितला. त्याने वही काढून स्वतः करून पाहिला, सुट्टीत!

@खांबाजवळ, आल्या आल्याच. पहिल्याच पानाला थाप मारतो कधी कधी.

@धुक्यातली_गाडी, ‘हळहळ पद्धत’ हे नाव फार आवडलं. एक शंका: तुमचा हिशोब दोघांचा आहे, आमच्याकडे चौघे आहेत.

धुक्यातली_गाडी (१२ मे, दुपारी २:०२)

बरोबर पकडलंत. दोघांच्या खेळात ‘दीर्घकाळात हरणार नाही’ अशी हमी देता येते, जास्त भिडू असले की ती हमी जाते. पण २०१९ मध्ये प्लुरिबस नावाचा प्रोग्रॅम सहा जणांच्या पोकरमध्ये अव्वल खेळाडूंना भारी पडला. हमी नसताना पद्धत चालते. घरच्या चॅलेंजला हरकत नाही.

उंबरठा (१२ मे, दुपारी ४:२०)

माझं थोडं वेगळं मत आहे. हे सगळं हुशारीचं आहे, पण यात नवल कुठे आहे? ‘नाट्यशास्त्रा’त भरताने विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळातली भावना, सांगितला. डोळे विस्फारणं, रोमांच, तोंडून शब्द न फुटणं, हे त्याचे अनुभाव, म्हणजे बाहेर दिसणाऱ्या खुणा. यंत्राला यातलं काही होत नाही. आकडा वाढणं म्हणजे विस्मय नव्हे. आपण शब्द उधार घेतो आणि मग खरंच ती गोष्ट तिथे आहे असं समजू लागतो, याची मला काळजी वाटते.

मुंग्यांचा_टीव्ही (१२ मे, संध्याकाळी ७:३७)

उंबरठा ताई, तापमापीला ताप येत नाही, पण आपला ताप ती बरोबर सांगते. यंत्राला नवल वाटतं असं इथे कुणी म्हणत नाहीये. आपल्याला कशाचं नवल वाटेल हे त्याला मोजता येईल का, एवढाच प्रश्न. आणि ते मोजताना लोक एकदा चांगलेच चुकले, ती गोष्ट सांगतो.

१९४८ मध्ये क्लॉड शॅनन या गणितज्ञाने मांडलं की घटना जितकी दुर्मीळ तितकी तिच्यात माहिती जास्त. माहितीचं एकक बिट: नाणं पडलं की एक बिट, फासा पडला की सुमारे २.६ बिट. आता लहानपणचा दूरदर्शनचा संच आठवा. अँटेना हलला की पडद्यावर मुंग्या यायच्या. मुंग्यांचं प्रत्येक चित्र जगात एकदाच होतं, पुन्हा तसंच कधीच नाही. शॅननच्या मापाने ती माहितीची नुसती खाण! पण मुंग्या बघत कुणी बसलंय का? आम्ही तर गच्चीवर धावायचो.

लॉरेंट इट्टी आणि पिएर बाल्डी या संशोधकांनी २००५ मध्ये यावर उपाय मांडला. घटना किती दुर्मीळ हे मोजू नका, ती पाहिल्यावर तुमची समजूत किती बदलली ते मोजा. मुंग्या पाहून पहिल्या क्षणाला समजूत बदलते, “सिग्नल गेला.” त्यानंतर लाख वेगवेगळ्या मुंग्या आल्या तरी समजूत तिथेच. नवल शून्य. या मापाच्या एककाला त्यांनी ‘वाव’ (इंग्रजीतलं wow!) असं नाव दिलं. लोकांना व्हिडिओ दाखवून डोळ्यांच्या हालचाली टिपल्या, तर नजर जिथे वळते ती जागा बहुतेक वेळा या मापाने जास्त नवलाची निघाली.

म्हणून माळरान, तुमच्या भाचीला मजा का येत नाही त्याचं उत्तर इथे आहे. नशिबावर सोडलेली थाप म्हणजे मुंग्या. पकडली काय न पकडली काय, तिची प्रोग्रॅमबद्दलची समजूत बदलत नाही. आजीची थाप पकडली की आजीबद्दल काहीतरी नवीन कळतं.

बदामसत्ती (१२ मे, संध्याकाळी ७:४४)

“नशिबावर सोडलेली थाप म्हणजे मुंग्या.” दंडवत!

उंबरठा (१२ मे, रात्री ८:१०)

समजूत बदलणं हे माप मला पटलं. माझा आक्षेप अर्धा मागे घेते, अर्धा ठेवते.

खडू_आणि_फळा (१२ मे, रात्री ९:२६)

शॅननचं नाव आलं म्हणून. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब या प्रयोगशाळेत त्याने ‘मन ओळखणारं यंत्र’ केलं होतं. त्याआधी तिथल्याच हॅगलबार्गरने तसं एक केलं होतं. तुम्ही छापा किंवा काटा मनात धरायचा, यंत्र ओळखणार. आत जादू काही नव्हती. मागच्या दोन खेपांना तुम्ही जिंकलात की हरलात आणि मध्ये निवड बदललीत की नाही, अशा एकूण आठच परिस्थिती ते लक्षात ठेवायचं. तरी माणसांना हरवायचं, कारण आपल्याला निव्वळ यदृच्छेने वागता येत नाही.

मी दरवर्षी आठवीच्या वर्गात हे करून घेते. अर्ध्या मुलांनी खरं नाणं १०० वेळा उडवून लिहायचं, अर्ध्यांनी मनाने लिहायचं. मी वर्गाबाहेर थांबते, मग कागद बघून कुठला कुणाचा ते सांगते. गुपित एवढंच: खऱ्या १०० फेकींत सलग पाच छापे किंवा सलग पाच काटे कुठेतरी येण्याची शक्यता ९७ टक्के असते. मनाने लिहिणाऱ्या मुलांचा हात तीन-चारनंतर आपोआप बदलतो. पाच सलग लिहिणं त्यांना खोटं वाटतं! मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

माळरान, प्रोग्रॅमने भाच्याच्या आणि भाचीच्या सवयी लक्षात ठेवल्या तर? शॅननच्या यंत्राइतकी साधी आठवणही पुरेल.

रात्रपाळी (१३ मे, पहाटे २:५०)

अवांतर होईल, पण रंगतीवर कुणीच बोललं नाही म्हणून.

मी सिॲटलला असतो, भाषेच्या मॉडेलांवर, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमांवर, काम करतो. सुरुवातीला सगळ्यांना वाटायचं की यंत्राने दर वेळी सर्वांत संभाव्य शब्द निवडला की उत्तम मजकूर तयार होईल. झालं उलटंच. मजकूर एकाच वाक्याभोवती घुटमळत राहायचा. इथल्याच वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मंडळींनी २०१९ मध्ये हे नीट मोजून दाखवलं. माणसाचं लिखाण दर शब्दाला सर्वांत संभाव्य वाट घेतच नाही. चार शब्द अपेक्षित, मग एक अनपेक्षित, मग पुन्हा सरळ. संभाव्यतेचा आलेख काढला तर चढउतारच चढउतार. उलट वाटेल तो शब्द उचलला तर मुंग्या.

रंगत या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. युर्गन श्मिडहुबर हा संशोधक १९९० पासून एक गोष्ट मांडतोय, मला ती फार जवळची वाटते: जे आधीच कळलंय ते कंटाळवाणं, जे कधीच कळणार नाही तेही कंटाळवाणं. जे आत्ता, या क्षणी, हळूहळू कळायला लागलंय ते रंजक. आकडा समजुतीचा नाही, समजूत वाढण्याच्या वेगाचा.

याची उलटी बाजू २०१८ च्या प्रयोगांत दिसली. भूलभुलैयात फिरणाऱ्या कुतूहली प्रोग्रॅमला ‘जे ओळखता येत नाही तिकडे जा’ एवढंच सांगितलं होतं. भिंतीवर एक टीव्ही लावला, पुढे कुठला चॅनल येईल याचा नेम नाही असा. प्रोग्रॅम टीव्हीसमोर जाऊन बसला तो उठेचना.

बदामसत्ती (१३ मे, सकाळी ८:१२)

आमच्या घरीही असा एक प्रोग्रॅम आहे, रविवारी रिमोट घेऊन बसतो. 😀

वाचनवेडा_सातारकर (१३ मे, सकाळी १०:३३)

रंगतीचा विषय निघालाय तर रामानुजनची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही.

१९७६ मध्ये स्टॅनफर्डला डग लेनाटने ‘एएम’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्याला गणितातले शोध लावायचे होते. सिद्धता द्यायची नाही, फक्त ‘काय रंजक आहे’ ते शोधायचं. संचांच्या प्राथमिक कल्पना आणि रंजकतेला गुण देणारे अडीचशेच्या आसपास नियम. एक नियम असा: गोष्टीची टोकं तपासा. संख्यांचे विभाजक मोजता मोजता हे गाडं एका टोकाला, फक्त दोन विभाजक असलेल्या संख्यांपाशी गेलं. म्हणजे मूळ संख्या! मग दुसऱ्या टोकाला: आपल्यापेक्षा लहान कुठल्याही संख्येहून जास्त विभाजक असणाऱ्या संख्या. ६, १२, २४, ३६, ४८, ६०... लेनाटला वाटलं हे नवीनच. नंतर कळलं की रामानुजनने १९१५ मध्येच यावर मोठा निबंध लिहिला होता.

एका नियमाच्या आधाराने यंत्र रामानुजनच्या अंगणात पोचलं, याचं मला आजही रोमांच आणणारं नवल वाटतं. (उंबरठा ताई, हे खरं अनुभावासकट नवल!) पुढे एएम थकला, कारण नवीन संकल्पना त्याला सुचल्या तरी त्यांच्यासाठी ‘रंजक काय’ याचे नवीन नियम करता येईनात. तुमच्या थापेचंही तसंच होईल का, बघा.

दिवाळीअंक (१३ मे, दुपारी १२:०५)

मी रहस्यकथा लिहिते. चांगल्या कलाटणीला दोन अटी असतात. कळेपर्यंत कुणाच्या मनात येऊ नये, आणि कळल्यावर मागची सगळी पानं तिच्याच बाजूने बोलू लागावीत. पहिली अट पाळून दुसरी मोडली की वाचक चिडतो, “हे कुठून काढलं?” मुंग्यांचा_टीव्ही यांनी सांगितलेलं माप मला फार उपयोगी वाटलं. कलाटणीला एकाच फटक्यात शंभर जुन्या गोष्टींबद्दलची समजूत बदलते.

पकडलेल्या थापेतही हेच होतं ना? आजीची थाप उघडी पडली की मुलांना आठवतं, “म्हणजे मघाशी हसत होती ते यासाठी!” प्रोग्रॅमला ‘मघाशी’ काही नसतंच.

दोन_मुलांची_आई (१३ मे, दुपारी ३:४८)

सगळं वाचलं, खूप शिकायला मिळालं. पण एक विचारते, यंत्राला खोटं बोलायला शिकवावंच का? २०२३ मध्ये जीपीटी-४ या भाषेच्या मॉडेलने चाचणीत एका माणसाकडून वेबसाइटवरचं ‘मी रोबो नाही’ हे सिद्ध करायचं कोडं सोडवून घेतलं. त्या माणसाने विचारलं, तू रोबो आहेस का? त्यावर त्याने सांगितलं की मला नीट दिसत नाही. हे वाचून मी त्या रात्री अस्वस्थ होते. तिथे मुद्दाम थाप मारायला शिकवलंही नव्हतं.

धुक्यातली_गाडी (१३ मे, संध्याकाळी ५:१९)

ताई, काळजी रास्त आहे. फरक संमतीचा आहे असं मला वाटतं. चॅलेंजला बसणारा प्रत्येक जण थाप खायला तयार होऊनच बसतो. त्या माणसाने असा कुठलाही डाव मांडला नव्हता. आणि थाप कशी तयार होते हे कळलं नाही तर ती ओळखणार कशी? माळरान यांच्या घरातली दोन मुलं या सुट्टीत हेच शिकतायत.

दोन_मुलांची_आई (१३ मे, संध्याकाळी ६:००)

पटलं. तरी माझ्या मुलांना मी आधी हे सांगेन की खेळ संपला की थाप संपली.

माळरान (१८ मे, रात्री ११:०८)

चार दिवस गायब होतो, तिसरी आवृत्ती लिहीत होतो. गणिताचा_तास यांच्या हिशोबाने आता नसलेली पानं तीन म्हणून सांगत नाही. खांबाजवळ सरांचं ऐकून पहिल्या काही फेऱ्या शक्यतो खरं बोलतो. हळहळ पद्धत तीन-तीन पानांच्या छोट्या चॅलेंजवर चालवून थापेचं प्रमाण काढलं. आणि खडू_आणि_फळा यांनी सुचवल्याप्रमाणे कोण किती वेळा थाप मारतं हे लक्षात ठेवतो, त्यावरून कुणाला चॅलेंज करायचं ते ठरवतो.

शुक्रवारी त्याने दोन डाव जिंकले. भाचा भडकला, म्हणजे खेळ जमला! आई म्हणाली, “हा आता माणसाळला.”

आणि काल रात्री असं झालं. भाची पहिले सात-आठ डाव एकदाही खोटं बोलली नाही. पास, पास, पास. हरत होती, तरी गप्प. मला वाटलं कंटाळली. नवव्या डावात तिने सलग चार वेळा थाप मारली, आणि प्रोग्रॅमने एकदाही चॅलेंज केलं नाही. पानं संपवून उठली. मी विचारलं, हे काय केलंस? तर म्हणाली, “मामा, तो लिहून ठेवतो ना कोण खोटं बोलतं? म्हणून मी त्याला आधी खरं खरं लिहायला लावलं.”

आईने तिला उचलून घेतलं. मजा आली का असं विचारलंच नाही, दिसतच होतं.

आता त्याच्या वहीत काय लिहिलंय हे समोरच्याला माहीत आहे, हेही त्याच्या हिशोबात कसं घ्यायचं? कुणी केलंय का?

खांबाजवळ (१९ मे, सकाळी ५:५८)

पाच-सहा वेळा खरा खांदा, मग हूल. पोरीला न शिकवता आलं. तिला खो-खोला घाला.